पाशेकांचा कुलवृत्तांत

निगुडकरांनी मला लिहिलेल्या चिठ्ठ्या मी अजून टाकून दिलेल्या नाहीत. कसबा पेठेतल्या आमच्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर राहत, मी तिसऱ्यावर. चिठ्ठीत मजकूर एका ओळीचा असायचा: 'दुपारी चारला यावे, येताना चष्मा आणावा.' पण वर पत्ता पुरा. माझं नाव, तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार, इमारतीचं नाव, कसबा पेठ, पुणे आणि पिनकोड. चिठ्ठी ते स्वतःच एक जिना उतरून दाराखालून आत सरकवत आणि बेल न वाजवता परत जात. एकदा मी त्यांना जिन्यातच गाठलं. म्हटलं, "अहो, हातानं आणून टाकता, मग पिनकोड कशाला?"

"मास्तरीणबाई, मी घसरून पडलो आणि चिठ्ठी भलत्याच्या हाती लागली, तर पोचायला नको?"

स्वतःच्या हाडांचा विचार त्यांच्या डोक्यात आलेला दिसला नाही.

ते टपाल खात्यात आयुष्य काढून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, मी शाळेत इंग्रजी शिकवून. अंगात पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. निळं पत्त्यासाठी, तांबडं शेऱ्यासाठी. तोंडात एक वाक्य कायम: "माणूस हरवत नाही हो. पत्ता अपुरा असतो." हे वाक्य ते कशावरही लावत. खालच्या मजल्यावरच्यांचं मांजर आठ दिवस सापडेना, तेव्हा त्या रडवेल्या बाईंनाही त्यांनी हेच सांगितलं. मांजर पुढे सापडलं, मग तर विचारूच नका.

पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी एकच, वसुधा. ती हडपसरला राहायची, तिथल्याच एका कंप्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती आणि महिन्यातल्या एका रविवारी वडिलांना भेटायला यायची. वडील तिच्याकडे जात नसत. भांडण वगैरे काही नव्हतं. मुलीच्या घरी काय जायचं, एवढंच. आमच्याकडे याला कारण लागत नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी निगुडकरांचा कुलवृत्तांत काढला. कुलवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या सगळ्या माणसांची पिढीवार नोंद: कोण कुणाचा मुलगा, कुठे नोकरीला, कुठे स्थायिक, कोण परागंदा. लोक तो मोठ्या हौसेने विकत घेतात, स्वतःचं नाव शोधतात, ते सापडलं की बंद करून कपाटावर ठेवतात. त्या जाडजूड ग्रंथात निगुडकरांनी स्वतःच्या नावापुढे लिहिलं होतं: 'कन्या एक, विवाहित.' तशी पद्धतच आहे. मुलगी लग्न होऊन गेली की तिचा वंश तिच्या सासरच्या पुस्तकात. ते पुस्तक कोणी काढलं नसेल तर कुठेच नाही.

त्या कामासाठी जुनी कागदपत्रं उपसताना त्यांना पणजोबांची रोजनिशी मिळाली. पणजोबा लष्कर भागात एका लिलावघरात कारकून होते. बदली झालेले साहेबलोक आपलं सामान तिथे विकायला ठेवत. त्यात पियानोही असत. आणि रोजनिशीच्या पानांत, पिंपळपान ठेवावं तसं, एक बंद पाकीट होतं. लाखेचा शिक्का शाबूत. वर फ्रेंच वळणाच्या अक्षरांत नाव: कुमारी हेलेना पाशेक. खाली गल्लीचं नाव आणि पोलंडमधलं एक बारकंसं गाव.

निगुडकरांनी चार वाजता बोलावलं ते हे दाखवायला. चष्मा मी नेला होता. रोजनिशी ते स्वतःच वाचत होते, कारण मोडी त्यांनाच येत होती.

"लिलावघरी पोलंड देशीचा पेटीवाला साहेब उतरला आहे. नाव पाशेक. गिऱ्हाइकांस पेट्या वाजवून दाखवितो. हात चांगला, प्रकृती बरी नाही." पुढे चार दिवसांनी: "साहेबाने मुलीस पाठवावयाचे पत्र टपालात टाकण्यास दिले. आज अमावास्या. उद्या टाकू."

निगुडकर थांबले. "उद्याच्या तारखेला काही नोंद नाही. परवाच्याही नाही. पुढच्या आठवड्यात साखर आणल्याची आहे."

मग त्यांनी पानं उलटली. "साहेब डाक आली काय विचारून गेला. नाही म्हणून सांगितले." चार पानांनी पुन्हा तेच. आठ पानांनी पुन्हा. सबंध उन्हाळाभर हाच मजकूर. शेवटी आषाढात: "साहेब खोली सोडून गेला. कोठे ते कळले नाही."

"खोटं नाही हो बोलले पणजोबा," निगुडकर म्हणाले. "डाक आली नव्हतीच." आणि ते उठून खिडकीशी गेले. घराण्यात कोणी दारू प्यायला असता, कोणी तुरुंगात गेला असता, तर त्यांनी ते तांबड्या शाईने नोंदवून टाकलं असतं. पण निगुडकरांच्या घरात एक पत्र अडकून पडलं होतं, आणि तेही टपालवाल्याच्या घरात. त्यांचे कान लाल झाले होते, हे मला पाठीमागूनही दिसलं.

इमारतीत बातमी पसरली. सगळ्यांचं म्हणणं एकच, फोडा आणि वाचा. निगुडकरांनी पाकीट उजेडासमोरही धरलं नाही. "पत्र पोचेपर्यंत धाडणाऱ्याचं, पोचल्यावर घेणाऱ्याचं. मधल्या माणसाचं ते कधीच नसतं. आपण मधली माणसं." मग त्यांनी तांबडं पेन काढून एका कोऱ्या वहीवर लिहिलं: 'पाशेक कुलवृत्तांत.' हेलेना आता हयात नसणार, पण वारस असतील. वारस शोधायचा तर घराणं लावायला हवं, आणि घराणं कसं लावतात ते त्यांच्याएवढं पुण्यात कोणाला येत होतं?

इथून माझी सक्तमजुरी सुरू झाली. ते मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिहीत असे. पहिलं पत्र त्या गावाला. उत्तर आलं की दोन महायुद्धांनंतर ती गल्लीच राहिलेली नाही. दुसरं तिथल्या चर्चला. तिथल्या म्हाताऱ्या पाद्र्यांनी बाप्तिस्म्याचं रजिस्टर उघडून कळवलं: लुद्विक पाशेक, पियानोवादक, भाऊ दोन, मुलगी एक. मीही एका जुन्या संगीतकोशात त्याच्यावरच्या दोन ओळी शोधून काढल्या. कैरोत वाजवलं, मुंबईत वाजवलं, आणि शेवटी शेरा: 'भटक्या वृत्तीचा. घर व कुटुंब सोडून पूर्वेकडे निघून गेला.' निगुडकरांनी तो वहीत उतरवून घेतला: 'स्वभाव: एका जागी न ठरणारा.'

मग त्यांनी पोलंडभरच्या पाशेक आडनावाच्या माणसांना माहितीपत्रकं पाठवली. पत्ते मी इंटरनेटवरून काढून दिले. माहितीपत्रक निगुडकर कुलवृत्तांताचंच होतं. त्यातला एकही रकाना गाळायला ते तयार नव्हते, त्यामुळे पोलंडमधल्या शेकडो सुखवस्तू लोकांना एके दिवशी पुण्याहून पाकीट आलं आणि त्यात त्यांना गोत्र, कुलदैवत, मूळ गाव आणि मुंजीची तारीख विचारलेली होती. मी म्हटलं, "अहो, मुंज तरी काढून टाका." ते म्हणाले, "लागू नसेल त्यांनी आडवी रेघ मारावी. तशी सूचना तळाला आहे."

उत्तरं आली, हेच नवल. एका डॉक्टरने लिहिलं की आम्हाला कुलदैवत नाही, कुत्रा आहे. निगुडकरांनी तो कागद 'अपूर्ण' शेरा मारून परत पाठवला. एका शेतकऱ्याने मात्र सगळे रकाने मनापासून भरले. कुलदैवतापुढे त्याने लिहिलं होतं, काळी मेरीमाता, वर्षातून एकदा चालत जातो. निगुडकर दिवसभर खुशीत होते. "बघा, माणसं नीट आहेत. विचारायची पद्धत लागते."

अशी पंधरा वर्षं गेली. लुद्विकच्या दोन्ही भावांच्या शाखा त्यांनी खाली खाली उतरवत आणल्या. एका भावाचा वंश युद्धात संपला, दुसऱ्याचा कॅनडात जाऊन संपला. कॅनडातल्या शेवटच्या पाशेकने लग्नच केलेलं नव्हतं, आणि याचा निगुडकरांना वैयक्तिक राग होता. इमारतीत पाशेक आता पाशेकर झाले होते. जिन्यात कोणीही भेटलं की विचारायचं, "काय निगुडकर, पाशेकरांचं कुठवर आलं?" जणू पलीकडच्या आळीतलं घर.

या सगळ्यात त्यांनी पियानो कधी ऐकला नव्हता, हे मला ज्येष्ठ नागरिक संघातल्या त्यांच्या व्याख्यानात कळलं. विषय होता 'पुण्यात राहून गेलेला एक पोलिश पियानोवादक.' तासभर ते फक्त पिढ्या सांगत होते. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी प्रश्न विचारला, "पण हे वाजवायचे कसे?"

"ते मला काय विचारता? मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही."

"मग एवढी वर्षं त्यांच्यावर काम कसं केलंत?"

"पत्ता शोधायला माणसाचं गाणं कशाला ऐकावं लागतं?" निगुडकर म्हणाले आणि पाण्याचा पेला उचलून व्याख्यान संपवलं. आभारप्रदर्शन करणाऱ्या बाईंनी 'सुरेल कार्यक्रम' असं म्हटलं, कारण त्यांच्या कागदावर तसं आधीच लिहिलेलं होतं.

मग तो रविवार आला. वसुधा आली होती, मी वर चहाला होते. निगुडकर वही पुढ्यात घेऊन बसले होते आणि त्यांचा चेहरा पार उतरलेला. दुसरी शाखाही खुंटली होती. "पाशेक निर्वंश," ते म्हणाले. "पत्र आता कुणाला देणार? माझ्यानंतर हे रद्दीत जाईल." ऐंशी उलटून गेलेल्या माणसाचा आवाज असा बारीक झाला की ऐकवत नाही.

वसुधाने पाकिटाची झेरॉक्स हातात घेतली. एवढ्या वर्षांत ती तिने बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिली.

"बाबा, हे पत्र हेलेनाला आहे ना? त्याच्या मुलीला?"

"हो."

"मग तिची मुलंबाळं कुठायत?"

"ती लग्न होऊन गेली."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे गेली. तिचा वंश तिच्या सासरच्यांकडे. आपल्याला पाशेकांची शाखा..." एवढं बोलून ते थांबले.

"गेली नाही बाबा. तिचा पत्ता बदलला," वसुधा म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तुम्हीच सगळ्यांना सांगत असता ना? पत्ता अपुरा असतो म्हणून? उद्या माझ्या नावाचं पत्र या घरात आलं, तर काय शेरा मारणार? विवाहित, गेली?"

मी चहाच्या कपात बघत राहिले. मला लाज वाटत होती आणि ती निगुडकरांची नव्हती, माझी होती. पाकिटावरचं 'कुमारी' मीच तर त्यांना वाचून दाखवलं होतं. पंधरा वर्षं मुलीच्या नावाचं पत्र घेऊन आम्ही दोघं पुतण्यांच्या मागे फिरत होतो, आणि मी स्वतः कुणाच्या तरी कुलवृत्तांतातली 'कन्या एक' होते. वसुधाने कप विसळून ठेवले, चपला घातल्या आणि रिक्षा बोलावून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराखालून चिठ्ठी आली. पत्ता पुरा. मजकूर: 'चर्चला लिहायचे आहे. हेलेनाचे लग्न कुणाशी झाले?'

पंधरा वर्षांचं काम दोन महिन्यांत झालं. पाद्रीबुवा आता नवे होते, तरुण आणि ईमेल करणारे. हेलेनाला मुलगी, तिला मुलगी, तिला पुन्हा मुलगी. आडनाव प्रत्येक पायरीला बदललेलं, पण बाई जागच्या जागी, त्याच गावापासून बसच्या अंतरावर. नाव मारिया, निवृत्त दंतवैद्य. मला तिचं ईमेल आलं: 'फोटो काढून लगेच पाठवा, मी रात्रभर झोपले नाही.' निगुडकरांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फोटो म्हणजे फोडावं लागेल. फोडायचा अधिकार त्यांचा. रजिस्टर्ड जाईल, पोचपावतीसह."

मी त्यांच्याबरोबर पोस्टात गेले. त्यांनी जुनं पाकीट नव्या जाड पाकिटात घातलं होतं, पत्ता निळ्या शाईत, छापल्यासारखा. काउंटरवरच्या तरुण मुलीने विचारलं, "काका, आत काय आहे?"

"पत्र."

"कुणाचं? तुमचं?"

"माझं नाही. माझ्याकडे पडून होतं."

ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. "काका, फॉरेनला आहे, कुरिअर करा ना, ट्रॅकिंग पण मिळतं."

"बाई, तुम्ही टपाल खात्यात नोकरी करता ना?" निगुडकर म्हणाले. पुढे ती मुकाट्याने शिक्का मारायला लागली.

बाहेर आल्यावर मला एकदम आठवलं. सकाळी दूधवाला म्हणाला होता. "अहो, आज अमावास्या आहे. पंचांग पाहिलं नाहीत का?"

"पाहिलं," ते म्हणाले. "त्यासाठीच तर चार दिवस थांबलो."

महिन्याभराने मारियाबाईंचं ईमेल आलं. पत्राचा इंग्रजी अनुवाद त्यांनी स्वतः केला होता. मी तो छापून वर नेला. निगुडकर आधी नाही म्हणाले, मधल्या माणसाने मजकूर वाचायचा नसतो. मी म्हटलं, आता ज्यांचं पत्र आहे त्यांनीच तो तुम्हाला पाठवलाय, तुमच्या नावावर. मग ते खुर्चीत नीट बसले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "सांगा."

बहुतेक पत्र तक्रारींचंच होतं. पुण्याच्या उन्हाने पियानोंची लाकडं तडकतात. इथले लोक पियानोवर फुलदाण्या ठेवतात. मग मुलीला दटावणी: रोज दोन तास बसतेस की नाही, डावा हात हलका ठेव, तू तो नेहमी आपटतेस. आणि अगदी तळाला चार ओळी. त्या मी मराठीत सांगितल्या.

"'मी आता फिरून थकलो आहे. तू ये म्हणालीस तर परत येईन. तुझी आई नको म्हणाली तरी तू लिही. या पत्त्यावर उत्तर पाठव. ते येईपर्यंत मी पुण्यातून हलणार नाही.'"

निगुडकर उठले, रोजनिशी काढली आणि पुन्हा ती पानं उलटायला लागले. साहेब डाक आली काय विचारून गेला. साहेब डाक आली काय विचारून गेला. "उन्हाळाभर थांबला हो," ते म्हणाले. "जगाने त्याला भटक्या ठरवलं. आणि तो आमच्या दारात उभा." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण हातात पेन होतं. पाशेक कुलवृत्तांताच्या वहीत 'स्वभाव: एका जागी न ठरणारा' या ओळीवर त्यांनी तांबडी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'मुक्काम पुणे. उत्तराची वाट पाहत होते.'

वही मिटून त्यांनी विचारलं, "डावा हात हलका म्हणजे काय हो?"

मी मोबाइलवर एका बाईंचं पियानोवादन लावून दिलं. फोन नाकाजवळ धरून त्यांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. "दोन्ही हात दिसताहेत," ते म्हणाले. "हलका कुठला ते काही कळत नाही. पण बाईंचं मन लागलेलं आहे."

मी जायला निघाले तेव्हा त्यांनी मला दारात थांबवलं. निळं पेन हातात होतं, पुढ्यात कोरं पाकीट. "मास्तरीणबाई, वसुधाचा पत्ता सांगता का? हडपसरचा पिनकोड मला पाठ आहे. सोसायटी, इमारत, फ्लॅट... ते तेवढं नाही."

त्या घरात वसुधाला राहायला जाऊन नऊ वर्षं झाली होती. पुण्याचे सगळे पिनकोड तोंडपाठ असलेला माणूस मुलीचा पत्ता शेजारणीला विचारत होता, आणि विचारताना माझ्याकडे बघत नव्हता. मी माझ्या फोनमधून काढून दिला. त्यांनी तो एकेक अक्षर सुटं करून लिहिला आणि पुन्हा मोठ्याने वाचून तपासून घेतला.

आत काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की पत्र मिळाल्याचा वसुधाचा फोन आला, तेव्हा ते म्हणाले, "लेखी कळव." आणि त्या दिवसापासून रोज अकराला ते चार जिने उतरून खाली पोस्टमनच्या वाटेवर बसायला लागले. येणारे जाणारे म्हणत, "काय निगुडकर, अजून पाशेकरांचंच का?" ते नुसती मान हलवत.

निगुडकरांना जाऊन आता दीड वर्ष होईल. गेले ते वसुधाच्याच घरी, पण तिथलं मी पाहिलेलं नाही. मी शेवटचं पाहिलं ते इथे, खालच्या बाकावर. मी भाजी घेऊन येत होते. पोस्टमन नुकताच पुढे गेला होता आणि निगुडकरांच्या हातात एक पांढरं पाकीट होतं, हडपसरच्या शिक्क्याचं. त्यांनी ते फोडलं नाही. हात लांब करून, डोळे बारीक करून ते त्यावरचं स्वतःचं नाव वाचत होते: चौथा मजला, इमारतीचं नाव, कसबा पेठ, पुणे, पिनकोड.

मी म्हटलं, "आलं का उत्तर?"

"आलं," ते म्हणाले. "पत्ता अगदी पुरा लिहिलाय पोरीनं." आणि पाकीट सदऱ्याच्या खिशात, दोन्ही पेनांच्या मागे ठेवून ते कठड्याला धरून हळूहळू वर निघाले.